आधी पाहणी, मग मोजणी

आमचं शेत मोजायला सकाळी साडेनऊला आलेल्या भूकरमापक साहेबांनी अकरा वाजेपर्यंत मशीनची पेटी उघडलीच नाही. पेटी जीपमधून उतरवून कडुलिंबाच्या सावलीला ठेवली, पाणी प्यायले आणि नकाशाची घडी हातात घेऊन चालू लागले. बांधाने ओढ्यापर्यंत, ओढ्याच्या कडेने विहिरीपर्यंत, तिथून परत रस्त्यापर्यंत. मध्येच थांबायचे, मागे वळून बघायचे, एखादा दगड बुटाने ढोसायचे. धाकट्या भावाचा जीव वरखाली होत होता. शेवटी तो म्हणालाच, "साहेब, ऊन चढायच्या आत मशीन लावू या की."

"लावू. काय मोजायचंय ते आधी बघू तरी द्या."

माझ्याही डोक्यात मोजणीचं चित्र मशीनचंच होतं. काठी उभी राहणार, टीं-टीं वाजणार, एक रेघ उमटणार आणि बांधावरचं वीस वर्षांचं कुजबुजणं मिटणार.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद होऊन आई, मी आणि धाकटा अशी तीन नावं लागली. क्षेत्र ० हेक्टर ८१ आर. बोलीत दोन एकर. पट्टा लांबोडका आहे, पश्चिमेला रस्ता, पूर्वेला ओढा. उत्तरेला अप्पांचं शेत. अप्पा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. दोघांच्या मधला बांध माझ्या लहानपणी एवढा रुंद होता, की डोक्यावर गवताचे भारे घेऊन मी आणि अप्पांची थोरली शेजारी शेजारी चालायचो. आता त्याच बांधावर पावलापुढे पाऊल टाकून जावं लागतं. बांध कोणी कोरला? आमच्या घरात याचं उत्तर ठरलेलं होतं, अप्पांनी. अप्पांच्या घरातही ठरलेलं असणार. गंमत अशी की गेली कित्येक वर्षं दोन्ही शेतं एकच ट्रॅक्टरवाला नांगरतो.

वडील यावर कधी बोलले नाहीत. ते गेल्यावर वर्षश्राद्धाच्या जेवणातच धाकट्याने मोजणीचा विषय काढला. आई म्हणाली, "मोजणी आणली की बोलणं तुटतं. मग तुम्ही पुण्याला जाता आणि मी इथं एकटी त्यांच्या तोंडासमोर राहते." मुद्दा खरा होता. तरी अर्ज मीच केला. पोस्टातून नुकतीच निवृत्त झाले होते, वेळ होता आणि कागदांची भीती नव्हती.

भीती नव्हती, पण माहितीही नव्हती. हे २०२२ सालचं. तालुक्याच्या कार्यालयात बाकावरच्या कारकुनाने विचारलं, "कशाची मोजणी?" मी म्हटलं, "जमिनीची." त्याने मान वर करून पाहिलं. मग कळलं, की मोजण्या नाना प्रकारच्या असतात. भावाभावांत वाटे पाडायचे तर पोटहिस्स्याची, बिनशेती करायची तर त्याची वेगळी, आणि आपली हद्द नेमकी कुठे हे दाखवून हवं असेल तर हद्द कायम. आम्हाला हद्द कायम हवी होती. त्यातही साधी, तातडी, अतितातडी असे भाव. हेक्टरच्या आतल्या क्षेत्राला तेव्हा साधीला १०००, तातडीला २००० आणि अतितातडीला ३००० रुपये. मी तातडीचे भरले. चालू सातबारा, चारी बाजूंच्या लगतधारकांची नावं-पत्ते आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा. कच्च्या नकाशात मी ओढा काढायला विसरले होते, तो कारकुनानेच पेनने काढून दिला.

तातडी म्हणजे तीन महिने, असं सांगितलं होतं. पहिली तारीख आली तेव्हा अप्पांच्या रानात ज्वारी उभी होती. उभ्या पिकातून रेघ कशी ओढणार? तारीख पुढे गेली. दुसऱ्या तारखेला आम्ही सगळे रानात जाऊन बसलो आणि दुपारी निरोप आला, की साहेबांना रस्त्याच्या भूसंपादनाच्या मोजणीवर पाठवलं आहे. माझा पुण्याहून येण्याजाण्याचा खर्च, धाकट्याची रजा, आईने वीस माणसांचा केलेला चहा, सगळं वाया. रागाने मी तक्रारअर्ज लिहिला आणि मग पाठवला नाही. ज्यांच्या हातून मोजून घ्यायचं, त्यांच्याशीच कशाला वाकडं?

या वाट बघण्याच्या काळात माझी खरी शिकवणी झाली. आमच्या पुण्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त निमतानदार राहतात. निमतानदार म्हणजे, एखाद्याला मोजणी मान्य नसली की ती फिरून तपासायला जो वरचा माणूस येतो तो. आठ वर्षं शेजारी राहून हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्यापुढे नकलांची गुंडाळी उलगडली. सगळं बाजूला सारून त्यांनी आमच्या जुन्या सर्व्हे नंबराच्या टिपणाची नक्कल उचलली. टिपण म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी जागेवर केलेली नोंद. गट नंबर पुढे एकत्रीकरणात आला, टिपण त्याच्या फार आधीचं. मध्ये एक उभी रेघ, तिच्या दोन्ही अंगांना फांद्या फुटाव्यात तशा आडव्या रेघा, आणि प्रत्येक रेघेवर मोडीतले आकडे.

"ही तुमची जमीन," काका म्हणाले. "सातबाऱ्यावर नुसता आकडा असतो. आकार इथं आहे."

उभ्या रेघेच्या टोकाला १७ आणि १४ असे दोन आकडे होते. सतरा साखळ्या, चौदा आणे. मला आणे म्हणजे पैशातलेच माहीत. काकांनी सांगितलं, की आपल्याकडच्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा, म्हणजे दोन फूट पाऊण इंच. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो एक गुंठा. तेहतीस गुणिले तेहतीस, १०८९ चौरस फूट. आयुष्यभर गुंठा गुंठा म्हणत आले होते आणि हा आकडा असला तिरपागडा का, हे कधी मनात आलं नव्हतं. तो साखळीतून आला होता. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर.

मग काकांनी डाव्या हाताचा अंगठा आणि उजव्या हाताचं बोट धरून शंकू-साखळी दाखवली. शंकू म्हणजे माथ्यावर काटकोनात चिरा असलेली काठी. मधल्या रेघेवर साखळी ताणायची, शेताचा कोपरा जिथे काटकोनात येईल तिथे शंकू रोवायचा, चिरेतून डोळा लावून काटकोन बघायचा आणि त्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजून लिहायचं. "साखळी ओढायला दोन गडी. डोळा लावायला एक. आणि लिहिणारा एक. चुका कुठं व्हायच्या माहितीये? साखळीत. वापरून वापरून कड्या उघडायच्या, साखळी लांब व्हायची आणि जमीन कागदावर कमी भरायची. शंकूत चूक झाली तर नजरेला कळायची."

इंग्रजी सर्व्हे या शब्दाच्या मुळाशी पाहणंच आहे, वरून नजर टाकणं, हेही त्यांनीच सांगितलं. मोजमाप त्या शब्दाला मागाहून चिकटलं. आपण मात्र दोन कामांना दोन शब्द ठेवले. पेशवाईत पिकाचा अंदाज घ्यायला यायची ती पाहणी. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी लावून जमीन धरायचे, ती मोजणी. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. "दोन्ही कामं एकाच माणसाला नीट जमली, की मोजणी टिकते," काका म्हणाले. "नुसतं मोजणारा आला, की निमतान्याला आम्ही."

आमचं गाव इंदापुरापासून फार लांब नाही, त्यामुळे पुढचं ऐकताना मी जरा सावरून बसले. इंग्रजी अमलात पुणे भागाची पहिली मोठी मोजणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केली, १८३० च्या आगेमागे. कल्पना कागदावर चोख होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न काढायचं, खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचे शंभरातले पंचावन्न सरकारने घ्यायचे. पण उत्पन्नाचे आकडे खालच्या लोकांनी जसे आणून दिले तसे धरले गेले. दर झेपेनात, माणसं रानं टाकून निघून गेली. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यात नव्याने बसवलेली पद्धत टिकली. सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. त्यांनी उत्पन्नाचा हिशेब सोडला आणि माती बघितली. त्याला नाव प्रतबंदी. पहार मारून मातीची खोली बघायची. पावणेदोन हात खोल काळी निघाली तर सोळा आणे प्रत. खोली कमी तसे आणे कमी. चुनखड असेल तर कमी, उपळवट, म्हणजे पाणी पाझरणारी असेल तर आणखी कमी. अंतरही आण्यात आणि मातीचा कसही आण्यात. आमची दोन एकरं अशी कोणीतरी पहार मारून, वास घेऊन, बघून ठेवली होती. बघणाऱ्याचं नाव टिपणावर नाही.

तिसरी तारीख मार्चमधली. या वेळी साहेब आले.

लगतधारकांना नोटिसा गेल्या होत्या. दक्षिणेचे शेजारी आले, ओढ्यापलीकडचा एकजण आला, कोतवाल आला. अप्पा सगळ्यात आधी येऊन बसले होते. पांढरा सदरा, टोपी. आम्ही आल्यावर आईला म्हणाले, "वहिनी, बसा सावलीला." माझ्याशी बोलले नाहीत.

दीड तास चालून झाल्यावर साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. "आता एकेकानं आपापली वहिवाट दाखवायची. कागद विसरा. तुम्ही कुठपर्यंत पेरता ते पायानं चालून दाखवा." धाकटा निघाला तो बांधाच्या पार पलीकडच्या कडेने. अप्पा निघाले ते अलीकडच्या कडेने. साहेब काही बोलले नाहीत, दोन्ही रेघा वहीत घेतल्या. मग अप्पांना विचारलं, "हा लिंब कुणाचा?"

"बांधाचा," अप्पा म्हणाले.

"लावला कुणी?"

"उगवला. आम्ही दोघं लहान होतो तवा मनगटाएवढा होता." दोघं म्हणजे ते आणि माझे वडील.

साहेब लिंबाच्या बुंध्याशी उकिडवे बसले. मुळांवरचा पाचोळा हाताने बाजूला केला. कोतवालाकडून खुरपं मागून घेतलं आणि माती उकरायला लागले. वीतभर खाली, दोन मुळांच्या बेचक्यात, घडीव दगडाचं डोकं लागलं. झाड दगडाला गिळत आलं होतं. माथ्यावर छिन्नीची फुली होती, माती भरून बुजलेली. साहेबांनी अंगठ्याने फुली साफ केली, बाटलीतलं पाणी ओतलं आणि काळ्या ओल्या दगडावर ती फुली लख्ख दिसली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. माझं डोकं आणि अप्पांची टोपी एकमेकांवर आपटली.

त्या बांधावरून मी पन्नास वर्षं ये-जा केली असेन. लिंबाखाली डबा खाल्ला असेल, त्या मुळांवर बसून. दगड कधी दिसला नाही, कारण तो शोधायचा असतो हेच माहीत नव्हतं. साहेबांनी दीड तास चालता चालता टिपणावरून ताडलं होतं, की हद्दीच्या रेघेवरचा दगड या झाडाच्या आसपास असला पाहिजे.

मग एकदाची पेटी उघडली. आतलं रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेली पांढरी टोपीसारखी वस्तू. काठीवर पाण्याचा बुडबुडा असतो, तो मध्यावर आणून काठी सरळ धरायची. हातातल्या टॅबवर 'फिक्स' आलं की बिंदू घ्यायचा. उपग्रहांकडून येणारं स्थान आणि सर्व्हे ऑफ इंडियाने राज्यात कायम बसवलेल्या केंद्रांकडून येणारी दुरुस्ती, दोन्ही जुळलं की दोन-चार सेंटिमीटरच्या आत जागा कळते. आमच्या दगडावर नेमकं ते जुळेना. डोक्यावर लिंबाचा पाला. 'फ्लोट', 'फ्लोट', 'फ्लोट'. धाकटा म्हणाला, "फांदी तोडू का?" अप्पा आणि मी एकाच वेळी म्हणालो, "नको." साहेब हसले. त्यांनी उघड्यावर दोन बिंदू घेतले आणि तिथून झाडाखालच्या दगडापर्यंत सरळ टेप धरून अंतरं मोजली. एक टोक कोतवालाकडे, दुसरं अप्पांकडे.

तीन गटांच्या हद्दी जिथे मिळतात तो दगड रस्त्याकडेला सापडला. ओढ्याकडचा सापडला नाही, ओढ्याने कधीतरी नेला असणार. बाकी वहिवाटीचे बिंदू घेणं तासाभरात उरकलं. चालणं आणि विचारणं अडीच तास, यंत्र एक तास, आणि जबाब लिहिणं, पंचनामा, सह्या-अंगठे यात पुन्हा दीड तास. आईने सही केली, अप्पांनीही. जबाबात अप्पांनी सांगितलं, "मला मोजणीबाबत हरकत नाही, जे निघेल ते मान्य." धाकट्याला वाटलं, म्हातारा मुरलेला आहे.

जागेवर लगेच काही सांगत नाहीत, हे मला काकांनी आधीच बजावलं होतं. वहिवाटीचा नकाशा आणि जुन्या अभिलेखाचा नकाशा कार्यालयात एकावर एक बसवून बघतात, दगडाला दगड जुळवतात, आणि मग हद्द दाखवायला पुन्हा येतात. साहेब तीन आठवड्यांनी आले. या वेळी पेटी आल्या आल्या उघडली. रेघ आखायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी घेऊन धाकटा मागे आणि त्याच्या मागे अख्खी पंचमंडळी.

रस्त्याच्या टोकाला फक्की बांधाच्या बरोबर मध्यावर पडली. लिंबापाशी ती बांधाच्या आमच्याकडच्या कडेला आली, म्हणजे बांध पुरता तिकडे. असं कसं? आणि तिथून पुढे ओढ्याकडे जाताना ती हळूहळू अप्पांच्या रानात शिरायला लागली. शेवटच्या टोकाला सव्वा मीटर आत. आमच्या बाजूने हिशेब मांडला तर १८० मीटर लांबीत एका टोकाला शून्य, दुसऱ्याला सव्वा मीटर. त्रिकोणाचं क्षेत्रफळ शाळेत शिकले होते. लिंबापाशी अप्पांच्या बाजूने सुटलेलं वजा केलं, तर आमचं अप्पांकडे गेलेलं जेमतेम एक गुंठा भरलं. वीस वर्षांचं कुजबुजणं, एक गुंठा. तोही ओढ्याकाठचा, दगडगोट्यांचा.

फक्की दक्षिणेकडे वळली तेव्हा मात्र गप्पा थांबल्या. विहीर आमची, तिच्यात वाद नाही. पण विहिरीशेजारची मोटारीची खोली वडिलांनी बांधलेली, आणि रेघ तिच्या भिंतीच्या आतून गेली. खोलीची तीन फूट रुंदी दक्षिणेच्या शेजाऱ्याच्या गटात. त्या शेजाऱ्याने आजवर चकार शब्द काढला नव्हता. तो मोजणीला आला होता तो नोटीस आली म्हणून. रेघेकडे बघून तो म्हणाला, "असं हाय होय?" आणि खोलीच्या आत डोकावून स्टार्टर बघून आला. धाकटा फक्कीची पिशवी हातात धरून नुसता उभा.

आई सावलीत बसली होती. म्हणाली, "ह्यांनी दोरी लावून खोली बांधली होती. मी धरली होती दोरी." बोलताना तिचा आवाज तक्रारीचा नव्हता, पण डोळे भरून आले.

'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, महिन्याभराने मिळाली. तिच्यावर हद्द एका रेघेने आणि वहिवाट तुटक रेघेने दाखवलेली आहे, आणि दोन रेघांच्या मधली चिंचोळी पट्टी बघितली की अजूनही मला ती कुठेतरी हलतेय असं वाटतं. निमताना मागायचा हक्क दोघांनाही होता. आम्ही मागितला नाही, अप्पांनीही नाही. मोटारीच्या खोलीचं दक्षिणेच्या शेजाऱ्याशी साध्या बोलण्यात ठरलं. खोली पडेपर्यंत राहील, नवीन बांधताना आत घ्यायची. त्याने बदल्यात उन्हाळ्यात जनावरांपुरतं पाणी मागितलं. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, लिहून घ्या. घेतलं.

अप्पांच्या गुंठ्याचं काय, हे धाकट्याने आखाड लागायच्या आधी विचारलंच. अप्पांनी उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला, "अप्पांनी सांगितलंय, ओढ्याकडच्या टोकाला फक्कीच्या खुंट्या धरून फाळ मार. तुमचंबी तसंच मारू का?" हद्दीचे सहा दगड आणले, निम्मे पैसे अप्पांनी दिले. लिंबाखाली नवा दगड रोवायला जागाच नव्हती, तिथे जुनाच ठेवला.

त्या खरिपात आईची ई-पीक पाहणी करायला मी गावी गेले. पूर्वी तलाठी येऊन बाराच्या नमुन्यात पीक लिहायचे, २०२१ पासून राज्यात शेतकऱ्यानेच मोबाइलवरून नोंदवायचं. बाजरीत उभं राहून फोटो काढला, विहिरीचं पाणी म्हणून नोंद केली. त्या ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायलाही जागा आहे. मी लिंबापाशी गेले, फोटो काढला, संख्या एक लिहिली आणि बोट थांबलं. बांध लिंबापाशी पुरता अप्पांकडे, पण दगड रेघेवर, आणि झाड दगडावर. पलीकडे अप्पा खुरपणीला बसले होते. मी हाक मारली, "अप्पा, लिंब नोंदवायचाय. कुणाच्यात लिहू?"

"मी लिव्हलाय की," अप्पा खाली बघतच म्हणाले. "पोरानं परवाच टाकलाय मोबाइलात."

"मग मी खोडू?"

"ऱ्हाऊ दे. तूबी लिव्ह."